आधी किडनी बघ

वॅगा, ६ मे

प्रिय पॉप,

आज मी किडन्या बघितल्या! चार. दोन कुत्र्याच्या, दोन मांजराच्या, एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी, अगदी ताज्या. हाताला अजून लॅबचा वास आहे, जेवणही गार होतंय, पण आधी तुला लिहायचंच होतं.

लोसा हसतेय. लोसा म्हणजे इथल्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या वर्गातली माझी लॅब पार्टनर, टोंगाची आहे आणि माझ्यापेक्षा दोन वीत उंच. म्हणते, "आजोबांना कागदावर पत्र? मग कबुतर कुठंय?" तिला म्हटलं, माझ्या पॉपला फोनवर फक्त "हं" म्हणता येतं, आणि तेवढ्यासाठी फोन कोण करणार. शिवाय टपालाची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी आपल्या फाटकाशी येतेच.

तर किडनी. पॉप, तुला आठवतं, मी सहा वर्षांची असताना ते कोकरू रात्रीतून मेलं होतं? तू सुरी काढलीस आणि मला म्हणालास, "रडायचं नंतर. आधी किडनी बघ." मऊ लिबलिबीत पडली असेल तर लस चुकली, घट्ट असेल तर दुसरं कारण शोधायचं. हे मी आज वर्गात सांगितलं तर डॉ. पेटिफर म्हणाल्या, "तुझे आजोबा इथे शिकवायला येतील का?" खरंच म्हणाल्या!

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं, मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे. आम्ही सगळे हसलो होतो. हे काय लिहायची गोष्ट आहे का? आज कळलं. आम्ही वर्षभर कुत्राच चिरतोय, आणि मांजर म्हणजे पुस्तकात चौकटीत दिलेला "फरक". मी चौकटी वाचत नाही, तुला माहितीये.

कुत्र्याची किडनी म्हणजे थेट तुझ्या मेंढीची. राजम्याच्या दाण्यासारखी, गडद तपकिरी लाल, गुळगुळीत. उजवी पुढे असते, यकृताला तिच्यापुरता खळगा असतो त्यात घट्ट बसलेली. फ्लिंटच्या पोटात कितीही दाबलंस तरी ती हाताला लागणार नाही. डावी त्यामानाने मागे, पण तीही जाड कुत्र्यात सापडत नाही.

आणि मांजराची! बुटकी, जाड, जवळजवळ गोल. आणि रंग बघून मी चाटच पडले. फिकट, पिवळट. मला वाटलं आजारी मांजर दिलंय आम्हाला. तर नाही! निरोगी मांजराची अशीच असते, आतल्या बारीक नळ्यांमध्ये चरबी असते म्हणून. आणि वरून शिरा, पॉप, ठळक शिरा, गमच्या झाडाच्या पानावर असतात तशा, सगळ्या एका खाचेकडे धावत गेलेल्या. कुत्र्याला नाहीत, मेंढीला नाहीत. डॉ. पेटिफर म्हणाल्या, "शिरा दिसल्या की मांजर. परीक्षेत यात चुकलात तर मला तोंड दाखवू नका." आत चिरलं की मात्र दोन्ही सारख्याच, मध्ये एकच कडा. गाईसारखे द्राक्षाचे घोस नाहीत.

मला सारखी मेट्रनची आठवण येत होती. नॅन मेंढी कापायच्या दिवशी तिला किडनीचे बारीक तुकडे करून हाताने भरवायची ना? तू म्हणायचास, "माझा नाश्ता मांजराला!" आणि नॅन म्हणायची, "मेट्रन ड्यूटीवर असते, तू नुसता बसलेला असतोस." नॅन गेल्यावर तिला किडनी कोणी दिली का रे?

असो. निदान तिचे हाल झाले नाहीत. ईस्टरला ती वाळलेली बघून मी तिच्या पोटाला हात लावला नसता तर ती गाठ कळलीच नसती. तू नंतर उघडून बघितलंस आणि म्हणालास, "बरोबर होतीस पोरी." मी तेव्हा रडत होते म्हणून पुढे विचारलं नाही. पण खरं सांगू? इथे कधी परीक्षेत घाण झाली की मी तेच वाक्य आठवते.

जॉस आत्या म्हणाली की नॅनची वही आता तू चालवतोस. छान केलंस. मेलेलं प्रत्येक जनावर आणि कारण, १९७१ पासून. तिचा नियम लक्षात ठेव, खोडायचं नाही.

तुझी
मेरिन


वॅगा, २० मे

प्रिय पॉप,

चार वेळा टपालाची गाडी येऊन गेली असेल. तुझं काहीच नाही. एरवी तू निदान पावसाचे आकडे तरी पाठवतोस.

म्हणून काल फोन केला. आत्याने उचलला. म्हणाली, "काय लिहिलंस गं त्याला?"

"किडनीबद्दल लिहिलं."

"मग किडनीबद्दल नको लिहूस. दुष्काळात मेंढरं मेली तेव्हासुद्धा हा माणूस एवढा गप्प नव्हता."

तिने सांगितलं की तू पत्र वाचलंस, घडी करून चहाच्या डब्याखाली ठेवलंस आणि तिला विचारलंस, "जॉस, तू कधी मांजर उघडून बघितलंयस?" ती म्हणाली, "डॅड, मी शाळेत भूगोल शिकवते." मग तू म्हणे विचारलंस, फिकट पिवळट म्हणजे किती पिवळट, लोण्यासारखं की चरबीसारखं. आत्याला वाटलं तू स्वयंपाकघराला रंग देणार आहेस. तिने रंगाच्या दुकानातून कार्डही आणलंय, तुला दाखवायला.

मग तिने फोन तुझ्याकडे आणला तर तू बाहेर निघून गेलास. मला दार आपटल्याचा आवाज आला, पॉप. आपलं जाळीचं दार दोनदा आपटतं, मी ओळखते.

मला काही समजत नाहीये. मी नॅनचं लिहिलं म्हणून राग आला का? "किडनी कोणी दिली का" असं विचारलं, ते टोमण्यासारखं लागलं का? तसं नव्हतं रे. का मी नीट लिहिलं नाही? रंगाचं विचारत असशील तर लोण्यासारखा नाही, लोणी फार पिवळं. सायीत थोडं रक्त मिसळल्यासारखा. पण तुला कशाला हवाय?

लोसा म्हणते म्हातारी माणसं अशीच असतात, तिच्या आजोबांनी एका रताळ्यावरून भावाशी अकरा वर्षं अबोला धरला होता. मी म्हटलं पॉप तसा नाही.

तू तसा नाहीस ना?

मेरिन


वॅगा, ३ जून

पॉप,

इथे थंडी पडलीय. गाडीच्या काचेवर सकाळी बर्फ असतो. मी बरी आहे. हॉस्टेलमध्ये काल भोपळ्याचं सूप होतं, नॅनच्यासारखं नव्हतं.

हे सगळं मी उगाच लिहितेय.

सोमवारी पहिल्यांदा जिवंत मांजर हाताळायचं प्रॅक्टिकल होतं. मांजराचं नाव नूडल. एवढी गरीब की कोणीही पोट दाबावं. एका हाताने खालून पोट हळूच धरायचं, अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, आणि सरकवत न्यायचं. मी सगळ्यांच्या आधी पुढे. मी असतेच. आणि माझ्या बोटांना ते लागलं. गोल, घट्ट, लहान प्लमएवढं. धरायला गेले की निसटायचं, पुन्हा यायचं.

मी म्हटलं, "डॉक्टर, हिला गाठ आहे."

डॉ. पेटिफरनी स्वतः हात लावला, मग म्हणाल्या, "अभिनंदन, मेरिन. तुला डावी किडनी सापडली."

वर्ग एवढा हसला की नूडल घाबरून टेबलाखाली गेली. मीही हसले. मग त्या म्हणाल्या, "हसू नका. दर वर्षी कोणीतरी हेच म्हणतं, बहुतेक करून कुत्र्यांमध्ये वाढलेलं पोर असतं. मांजराच्या किडन्या सैल टांगलेल्या असतात, हाताबरोबर फिरतात. आणि मांजर वाळलेलं असलं की आणखी लागतात."

मांजर वाळलेलं असलं की.

मी बाथरूममध्ये जाऊन बसले. लोसा दाराबाहेरून म्हणत होती, "अगं, एवढं काय? मी गेल्या आठवड्यात बोक्याला मांजरी म्हटलं." मी नळ मोठा सोडला.

पॉप, तेच होतं. मेट्रनच्या पोटात माझ्या बोटांना जे लागलं ना, ते हुबेहूब तेच होतं. तेवढंच, तिथंच, तसंच निसटणारं.

पण तू बघितलंस ना? तू उघडलंस. तू म्हणालास, "बरोबर होतीस पोरी." तू खोटं बोलत नाहीस. मेंढीच्या किमतीतसुद्धा नाही. म्हणजे गाठ असणार. म्हणजे मी चुकून बरोबर ठरले? की तू मला बरं वाटावं म्हणून बोललास? पण मग आता का बोलत नाहीस? मी हे चार दिवस उलटसुलट फिरवतेय आणि दर वेळी वेगळं उत्तर येतंय.

एका शब्दात लिही. गाठ होती का?

मेरिन


वॅगा, १७ जून

पॉप,

तुझं कार्ड मिळालं. मेंढ्यांच्या औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा आहे तो, टपालवाल्याने दंडाची चिठ्ठी कशी लावली नाही देव जाणे. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. तरी इथे उतरवते, मला ते माझ्या हाताने लिहून बघायचंय.

"पोरी. गाठ नव्हती. सगळं पोट बघितलं. मग किडन्या बघितल्या. फिकट, वर शिरांचं जाळं. साठ वर्षांत एवढी वाईट किडनी बघितली नव्हती. वाटलं, तुझ्या हाताला लागलं ते हेच. वहीत लिहिलं, किडनी. मग तुझं पत्र आलं. गोळी मी घातली, तू नाही. शाळा सोडायची नाही. पॉप."

म्हणजे मीच तुला सांगितलं. सहा मेला. उड्या मारत मारत, गमच्या पानासकट. निरोगी मांजराची अशीच असते, असं लिहिलं मी. आणि तू ते ओट्याशी उभा राहून वाचलंस. आणि मग मी रंगसुद्धा समजावला. सायीत रक्त. अरे देवा.

तू मेंढीच्या डोळ्यांनी बघितलंस आणि मी कुत्र्याच्या हातांनी. दोघांपैकी एकानेही मांजर बघितलं नाही.

पण "गोळी मी घातली, तू नाही" हे मला मान्य नाही. हे तू असं एका ओळीत संपवू नकोस. तुला सगळं आठवतंय, मलाही आठवतंय, मी फक्त लिहिलं नव्हतं.

मी तिच्या पोटाला हात लावला तो तीन सेकंद. एकदाच. तू दारात उभा होतास, तुझ्या हातात चहाचा मग होता, आणि नॅन गेल्यापासून पहिल्यांदा तू माझ्याकडे असा बघत होतास की मला काहीतरी येतं. म्हणून मी बोलले. तू विचारलंस, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." तू म्हणालास, "हिलस्टनला नेऊ का डॉक्टरकडे? एकशे नव्वद किलोमीटर आहे, पण नेतो. लोकर कातरणारे आलेत, ते बघतील आपलं आपण." हे तू म्हणालास, पॉप! शेडमध्ये पाच माणसं आणि नऊशे मेंढ्या असताना म्हणालास. आणि मी काय म्हटलं? "उगाच प्रवासाचा त्रास कशाला तिला." मोठ्या डॉक्टरसारखं. ते वाक्य मी वर्गात ऐकलं होतं आणि मला ते वापरून बघायचं होतं.

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी डॉ. पेटिफरना जाऊन सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी खुर्ची दिली. मी विचारलं, मग मेट्रन वाळली का होती? पाणी का जास्त पीत होती? त्या म्हणाल्या, "चौदा वर्षांची मांजरी. गळ्यातल्या ग्रंथीचं असेल, दातांचं असेल. भरवणारं माणूस गेलं म्हणून जेवण सोडलं असेल. किडनी बाहेरून चांगली दिसूनही आतून थकलेली असू शकते. मला माहीत नाही."

मी म्हटलं, "पण मला उत्तर पाहिजे."

"माहीत नाही हेसुद्धा उत्तर असतं. ईस्टरला तेवढंच बोलायला हवं होतं तू."

मग मी ऑफिसमधून नाव काढून घ्यायचा फॉर्म आणला. भरला नाहीये. बॅगेत आहे. मला खरंच कळत नाही, पॉप. ज्याच्या हाताला किडनी आणि गाठ यातला फरक कळत नाही त्याने हे करावं का? तू म्हणतोस सोडायचं नाही. पण तू तर मी बरोबर होते असंही म्हणाला होतास.

सुट्टी चार जुलैला लागते. मी येऊ का? तू हो म्हणालास तरच येईन.

मेरिन


ग्रिफिथ, बस थांबा, १२ जुलै

प्रिय पॉप,

बसला चाळीस मिनिटं आहेत. तू गाडी चालवताना बोलत नाहीस आणि मी निरोप घेताना बोलू शकत नाही, म्हणून दोन तास आपण दोघांनी फक्त मेंढ्यांच्या भावाच्या बातम्या ऐकल्या. तेव्हा आता कागदावर.

मी काय बघितलं ते सांगते.

मी आले त्या दिवशी तू मेंढी कापली होतीस. दोन्ही किडन्या बशीत काढून ठेवलेल्या होत्या. तू त्या भाजल्या नाहीस. बारीक तुकडे केलेस आणि शेडमागच्या त्या करड्या मांजरीला घातलेस, जिला तू इतकी वर्षं "ती उंदीरवाली" म्हणतोस. आत्या म्हणाली, "रोज चाललंय हे. मला विचारलं तर म्हणतो, मांजर आहे, खाणारच." ती एवढी गुबगुबीत झालीय की फ्लिंट तिला वाट देतो.

शनिवारी तू तिला काखेत धरून आणलीस, स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "दाखव."

मी म्हटलं, "मी हात लावणार नाही."

"मग मी कसा शिकणार?"

"तुला कशाला शिकायचंय?"

"वय झालंय म्हणून? फॉर्म भरावा लागतो का?"

माझ्या पत्रातला फॉर्म तू विसरला नव्हतास. मला राग आला, पण हसूही आलं. मग मी तुझा हात धरला. पॉप, तुझा अंगठा माझ्या दोन बोटांएवढा आहे. मी तो तिच्या फासळ्यांच्या मागे ठेवला, बोटं पलीकडून आणली आणि म्हटलं, दाबू नकोस, नुसतं सरकव. तू म्हणालास, "काही नाही." मी म्हटलं, परत. "आतडं." परत. "हे शेण आहे." परत. उंदीरवाली कंटाळून तुझी बाही चावत होती. आणि मग तुझा अंगठा थांबला. तू डोळे मिटलेस. ते निसटलं, तू पुन्हा पकडलंस, पुन्हा निसटलं.

तू म्हणालास, "साबणाच्या वडीसारखं आहे."

मी म्हटलं, "हो."

हात न काढता तू म्हणालास, "मीही गाठच म्हटलं असतं."

आणि मग तू उजवी शोधायला लागलास. मी सांगितलं नव्हतं. स्वतःहून. सापडल्यावर माझ्याकडे असं बघितलंस जसं मी ईस्टरला तुझ्याकडे बघत होते. एवढंच. पुढे तू चहा ठेवलास.

त्याने सगळं ठीक झालं असं मला वाटत नाही. तुलाही वाटत नसणार. मेट्रनला पुरलंय त्या झाडाखाली गेलास तेव्हा तू टोपी काढलीस, मी खिडकीतून बघितलं. मेट्रन बरी होती की नव्हती हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि ते न कळणं माझ्या पोटात तसंच फिरत राहतं, धरायला गेलं की निसटतं. पण आता मी एखाद्या जनावराला हात लावला की तीनदा लावते. आणि "नक्की" हा शब्द मी सध्या वापरायचा बंद केलाय. लोसाने काल फोनवर विचारलं, सोमवारी येतेस ना नक्की, तर मी म्हटलं, येतेय. ती म्हणाली, "एका शब्दाला एवढं घाबरायचं?"

फॉर्म माझ्या बॅगेत सापडला नाही. स्वयंपाकघराचं टेबल मात्र आता डुगडुगत नाही. मी खाली वाकून बघितलं. राहू दे तिथेच.

आता एक गोष्ट, जी मी तुला न विचारता केलीय. आज सकाळी तू गाडीत पेट्रोल भरत होतास तेव्हा मी नॅनची वही काढली. तिच्या अक्षरातली सगळी पानं, आणि मग तुझ्या अक्षरातली ती एकच ओळ. "मेट्रन. किडनी". तू पेन किती दाबलंस, मागच्या पानावर उठलंय. त्यानंतर तू काही लिहिलंच नाहीस. ईस्टरपासून आपल्याकडे एकही मेंढी मेली नाही, असं तर होणार नाही.

मी खोडलं नाही. नॅनच्या वहीत खोडत नाहीत. तिच्याच निळ्या पेनाने, तुझ्या शब्दापुढे दोन शब्द लिहिलेत. आता ती ओळ अशी आहे:

मेट्रन. किडनी ठीक दिसली.

खाली माझी सही केलीय. शेजारी तुझ्यापुरती जागा सोडलीय.

मेरिन